यूब्लॉक ओरिजिन : घरच्या संगणकावर ठेवावे असे एकच एक्स्टेंशन

आर्वी तालुक्यातल्या आमच्या भागात घरचा संगणक उघडला जातो तो मुख्यतः भरतीच्या जाहिराती आणि निकाल पाहायला, सातबारा काढायला, महाडीबीटीवर अर्ज भरायला आणि हंगामात कापसाचे भाव बघायला. त्याला इंटरनेट मिळते तेही बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. अशा संगणकाच्या ब्राउझरमध्ये काय बसवावे, या प्रश्नाचे माझे उत्तर एका नावापुरते उरले आहे : यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), आणि तेही फायरफॉक्समध्ये. बाकीची एक्स्टेंशने, टूलबार आणि संगणक वेगवान करून देण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर खुशाल काढून टाकावीत.

या एक्स्टेंशनचा उपयोग सर्वांत ठळकपणे दिसतो तो भरतीची माहिती देणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर. जाहिरातीची पीडीएफ उतरवून घ्यायला गेले, की पानावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली मोठमोठी हिरवी बटणे समोर येतात आणि खरी पीडीएफ देणारी ओळ मात्र पार तळाशी, बारीक निळ्या अक्षरांत असते. “काकाजी, डाउनलोड दाबलं त भलतंच उघडून रायलं,” ही शेजारच्या मुलांची नेहमीची तक्रार याच बटणांची आहे. ती बटणे म्हणजे जाहिराती असतात, आणि त्यांच्या मागे कुठे पीडीएफ कन्व्हर्टर, कुठे ड्रायव्हर अपडेटर, कुठे ब्राउझरचे मुख्यपृष्ठच बदलून टाकणारे एक्स्टेंशन दडलेले असते. यूब्लॉक चालू असताना यांतली बहुतेक बटणे पानावर उमटतच नाहीत, कारण जाहिरात ज्या सर्व्हरवरून यायची त्याच्याकडे ब्राउझरची मागणीच जाऊ दिली जात नाही. साहजिकच हॉटस्पॉटचा डेटाही वाचतो. काय अडवायचे हे ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी आणि धोकादायक पत्त्यांची यादी अशा सतत अद्ययावत होणाऱ्या याद्यांवरून ठरते. भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठी प्रादेशिक याद्यांमध्ये इंडियनलिस्ट आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

आता आक्षेपाचा मुद्दा. बसवताना हे एक्स्टेंशन सर्व संकेतस्थळांवरील माहितीपर्यंत पोहोचण्याची परवानगी मागते, आणि टाळावीत अशी एक्स्टेंशनेही नेमकी हीच परवानगी मागत असतात. त्याशिवाय हे काम होऊ शकत नाही, त्यामुळे परवानगीपेक्षा ती कोणाच्या हाती जाते हे पाहणे भाग पडते. द ग्रेट सस्पेंडर हे क्रोमचे लोकप्रिय एक्स्टेंशन 2020 मध्ये मूळ कर्त्याकडून दुसऱ्याकडे गेले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. तोपर्यंत ते 20 लाखांहून अधिक लोकांच्या ब्राउझरमध्ये बसलेले होते. एक्स्टेंशन आपोआप अपडेट होते, म्हणजे मालक बदलला तरी वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. यूब्लॉक ओरिजिनचा कर्ता रेमंड हिल याने 2014 पासून हे काम हातात ठेवले आहे आणि त्याचा सारा कोड खुला आहे.

नावाच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. नुसते ‘यूब्लॉक’ हे वेगळे एक्स्टेंशन आहे : हिल यांनी 2015 मध्ये मूळ प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला आणि स्वतः ‘ओरिजिन’ या नावाने काम पुढे नेले. तो सोपवलेला यूब्लॉक 2018 मध्ये ॲडब्लॉक या जाहिराती अडवणाऱ्या दुसऱ्या एक्स्टेंशनच्या कंपनीकडे गेला आणि 2019 पासून त्यात काही जाहिरातींना वाट मोकळी करून देण्यात आली. म्हणून शोधात जे पहिले दिसेल ते न बसवता, फायरफॉक्सच्या ॲड-ऑन्स पानावर जाऊन रेमंड हिल हे नाव असलेलेच घ्यावे. क्रोममध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, कारण गूगलने मॅनिफेस्ट व्ही 3 ही एक्स्टेंशनांसाठीची नवी चौकट सक्तीची करून 2025 मध्ये जुनी एक्स्टेंशने बंद केली. क्रोमसाठी त्याच कर्त्याची ‘लाइट’ आवृत्ती आहे. ती ठीक आहे, पण मूळ एक्स्टेंशनची बारकाईने अडवण्याची ताकद तिच्यात नाही.

काही वेळा एखादे वृत्तपत्राचे संकेतस्थळ मजकूर दाखवायला नकार देते किंवा एखादे पान अर्धवट उघडते. तेव्हा यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारून पॉवरचे मोठे बटण दाबावे आणि पान पुन्हा उघडावे. तेवढ्या संकेतस्थळापुरते अडवणे थांबते. त्याच्या खालचे इतर पर्याय जाणकारांसाठी आहेत, घरच्या माणसांनी त्यांना हात लावण्याची गरज नाही.

एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी कोणी देऊन बसले असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यात ‘संगणकात व्हायरस सापडला’ असे येणारे खोटे इशारे यूब्लॉक थांबवत नाही. ती परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमधूनच काढावी लागते. संगणकात आधीच बसलेल्या सॉफ्टवेअरवरही त्याचा काही इलाज चालत नाही. सफाई करणारे सॉफ्टवेअर तर मुळातच नको : 2017 मध्ये सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत घुसखोरांनी घातक कोड मिसळला होता आणि ती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच लोकांपर्यंत गेली होती.

आपल्याकडे नको ती सॉफ्टवेअर संगणकात शिरण्याची एक मोठी वाट म्हणजे मराठी टायपिंग. गूगलने विंडोजसाठीचे इनपुट टूल्स हे टायपिंगचे सॉफ्टवेअर कधीच मागे घेतले, तरी त्याच्या प्रती भलत्याच संकेतस्थळांवरून उतरवल्या जातात. वास्तविक विंडोज 10 मध्ये मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो भाषेच्या सेटिंगमधून जोडता येतो. कागद पीडीएफ करण्याची सोयही विंडोजच्या प्रिंटच्या यादीतच असते, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागत नाही.

यूब्लॉक ओरिजिनची किंमत म्हणाल तर शून्य, आणि हिल देणगीही घेत नाहीत. ज्यांना काही द्यायचेच असेल त्यांनी याद्या सांभाळणाऱ्यांना द्यावे, असे त्यांनीच प्रकल्पाच्या पानावर लिहून ठेवले आहे.