सहावा गडी कसा निवडायचा? बास्केटबॉल जीएमवरचे आठ महिने

जूनमध्ये पावसानं जोर धरला तसं टिळकवाडीतलं आमचं संध्याकाळचं खेळणं बंद पडलं. बेळगावात पाऊस एकदा लागला की सिमेंटचं कोर्ट वाळतच नाही. तेव्हा आम्ही चौघांनी बास्केटबॉल जीएम हा गेम सुरू केला. यात आपण खेळत नाही, संघाचा मॅनेजर होऊन संघ चालवायचा. तो ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे, मधेच नेट गेलं तरी खेळ अडत नाही. एकाच लीगमध्ये चार संघ वाटून घेतले. वडगावच्या मित्राचे माग रात्री थांबले की त्याच्याच लॅपटॉपवर बसायचं. फेब्रुवारीपर्यंत अकरा मोसम झाले.

ट्रेड म्हणजे गड्यांची अदलाबदल, ड्राफ्ट म्हणजे नव्या गड्यांची निवड, पगाराची मर्यादा, सगळंच छान आहे. पण मी लिहितोय ते बाकावरून उठून येणाऱ्या सहाव्या गड्याबद्दल. मोसमाच्या शेवटी गेम सर्वोत्तम सहाव्या गड्याचा पुरस्कार आपोआप देतो. आम्ही मात्र आमचं वेगळं मतदान ठेवलं, आणि सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाले. नियम एनबीएचाच, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचाच घेतला: सुरुवातीच्या पाचात जितके सामने खेळला, त्याहून जास्त सामने बाकावरून खेळलेला पाहिजे.

पहिले तीन मोसम ज्याचे पॉइंट जास्त त्याला डोळे झाकून मत दिलं. चौथ्या मोसमात खानापूरच्या मित्राचा गार्ड सामन्याला 18 पॉइंट काढत होता, माझा फॉरवर्ड 14. “अठरा मारतोय की रे, अजून काय पाहिजे तुला?” असं तो म्हणाला आणि बाकीचे दोघं त्याच्या बाजूला गेले. मी वही काढली. त्याचा गार्ड 30 मिनिटं खेळत होता, माझा 21. 36 मिनिटांच्या हिशेबानं त्याचे 21.6 होतात, माझे 24. शिवाय त्याला 18 पॉइंटसाठी 17 शॉट आणि 3 फ्री थ्रो लागत होते, माझ्याला 14 साठी 10 शॉट आणि 3 फ्री थ्रो. ट्रू शूटिंग, म्हणजे शॉट आणि फ्री थ्रो दोन्ही धरून नेमबाजी किती फळते त्याची टक्केवारी, काढली तर त्याची 49 टक्के, माझ्या गड्याची जवळजवळ 62. म्हणजे त्याचा गडी संघाचे शॉट वाया घालवत होता. मत तरीही त्यालाच गेलं, आणि ते मला आजही पटत नाही.

खऱ्या एनबीएत जमाल क्रॉफर्ड आणि लू विल्यम्स यांनी हा पुरस्कार तीन-तीनदा घेतला, दोघंही पॉइंट काढणारे. पण 1982-83 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला तेव्हा मिळाला फिलाडेल्फियाच्या बॉबी जोन्सला. त्याची सरासरी दहाच्या आतच होती, त्याचं नाव होतं ते डिफेन्ससाठी, आणि त्या वर्षी संघानं विजेतेपद जिंकलं. म्हणून मी मिनिटं आणि शूटिंगनंतर, तो कोर्टवर असताना आणि नसताना संघाचं काय होतं हे बघतो. नुसत्या त्या एका आकड्यावर मात्र जाऊ नका. सोबतचे चौघं तगडे असले की साधा गडीही चांगला दिसतो.

असा गडी घडवायचा असेल तर ऑटो सॉर्ट, म्हणजे गड्यांचा क्रम आपोआप लावणं, बंद ठेवा, नाहीतर गेम चांगल्याला उचलून पहिल्या पाचात टाकतो. सहाव्या जागेवर हातानं बसवा आणि खेळण्याच्या वेळेपुढं अधिकचं चिन्ह द्या. नावाजवळची कौशल्याची अक्षरंही बघा. दुसऱ्या फळीत बॉल सांभाळणारा कुणी नसेल तर सहावा गडी तसलाच घ्यावा, तीन पॉइंटवाला कितीही मोह पाडो.

एक सांगून ठेवतो. लीग ब्राउझरमध्येच साठवलेली असते. सहाव्या मोसमात आम्हीच ब्राउझर साफ केला आणि सगळं गेलं. आधी एक्सपोर्ट केलेली फाइल होती म्हणून पाचव्यापासून पुन्हा खेळता आलं. आता दर मोसमानंतर फाइल पेनड्राइव्हवर घेतो.

गेल्या शनिवारी अकराव्या मोसमाचं मतदान झालं. निपाणीच्या मित्रानं आपल्या सेंटरचे पॉइंट सांगितले, तसं खानापूरचाच म्हणाला, “ते असू दे, मिनिटं किती खेळला ते सांग की आधी.”