बफर वाढवावा की ट्रॅक फ्रीझ करावेत? रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वारंवार अडकू लागल्यावरचे दोन उपाय

टेक, म्हणजे गाण्याचे किंवा वादनाचे एखादे ध्वनिमुद्रण, चालू असताना पडदा जागच्या जागी थिजतो, माउसचा बाण फिरत राहतो पण एकही बटण दाबले जात नाही, आणि काही क्षणांनी सॉफ्टवेअर प्रतिसाद देत नसल्याची सूचना येते. हा प्रकार दर तासाला घडू लागला की नवा संगणक घेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र त्याआधी करून पाहण्याजोगे दोन बिनखर्चाचे उपाय आहेत. एक म्हणजे ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन बफर, म्हणजे संगणक एका वेळी प्रक्रियेसाठी घेतो तो ध्वनीचा साठा, वाढवणे, आणि दुसरा म्हणजे जड झालेले ट्रॅक फ्रीझ करणे, म्हणजे त्यांचा तयार ध्वनी फाइलमध्ये उतरवून ठेवणे. मी हे दोन्ही उपाय बराच काळ वापरले आहेत आणि आता त्यांपैकी एकाकडेच आधी वळतो.

सॉफ्टवेअर उघडताना प्लगइन (ध्वनीवर परिणाम करणारी किंवा वाद्य वाजवणारी जोड-सॉफ्टवेअर) तपासण्याच्या टप्प्यावरच अडकत असेल, किंवा एका ठरावीक प्लगइनची खिडकी उघडताच अडकत असेल, तर दोष बहुधा त्या प्लगइनमध्ये असतो. तेव्हा ते काढून पाहावे. पुढची तुलना त्या प्रसंगासाठी नाही. दोन-तीनच ट्रॅक असूनही आवाज तुटत असेल तर विंडोजवर लेटन्सीमॉन हे तपासणीचे सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर वेळ खातो आहे ते पाहावे. येथे विचार करायचा आहे तो ट्रॅक आणि प्लगइन वाढत जातात तसतसे अडकत जाणाऱ्या प्रोजेक्टचा.

ध्वनीचे काम वेळेवर पूर्ण व्हावे म्हणून त्याला पडद्यावरच्या कामापेक्षा वरचा प्राधान्यक्रम दिलेला असतो. त्यामुळे प्रोसेसरची दमछाक झाली की ध्वनीचे काम उरलासुरला वेळही घेऊन टाकते आणि खिडक्या, बटणे, मीटर यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. शिवाय एका ट्रॅकवर एकामागे एक लावलेली प्लगइन साधारणपणे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या अनेक भागांपैकी एकावर) चालतात, कारण पुढच्या प्लगइनला मागच्याचा निकाल हवा असतो. म्हणूनच प्रोसेसरचा एकूण वापर निम्म्याहून कमी दिसत असतानाही सॉफ्टवेअर अडकू शकते.

बफर वाढवणे हा सोपा उपाय आहे, यात शंका नाही. एका ठिकाणचा एक आकडा बदलला की सगळ्या प्रोजेक्टला दम घ्यायला अवकाश मिळतो. मिक्सिंगच्या वेळी, जेव्हा कोणी गात किंवा वाजवत नसते, तेव्हा 1024 सॅम्पलचा बफर ठेवण्यात काहीच तोटा नाही, आणि त्या टप्प्यावर मीही तोच ठेवतो.

अडचण सुरू होते ती पुन्हा रेकॉर्डिंग करायची वेळ आली की. 48,000 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे 48,000 सॅम्पल (सूक्ष्म मोजमापे) घेताना, 1024 सॅम्पल म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंद, आणि आवाज आत येऊन बाहेर जाईपर्यंत ते दुप्पट, म्हणजे जवळजवळ 43 मिलिसेकंद होतात. 128 सॅम्पलवर हाच हिशेब पाच मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. एका गायिकेचा दुसरा स्वर ध्वनिमुद्रित करताना माझ्याकडून मिक्सिंगचा मोठा बफर तसाच राहिला होता. दोन ओळींनंतर तिने हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली, तिसऱ्या ओळीला ती तालाच्या किंचित पुढे जाऊ लागली, आणि मग थांबून म्हणाली, "माझाच आवाज मला मागून ऐकू येतोय." मी बफर 128 वर आणला. तो बदलताना ध्वनियंत्रणा थांबून पुन्हा सुरू झाली, सॉफ्टवेअरमधली सगळी वाद्ये आणि प्लगइन नव्याने सज्ज होऊ लागली, आणि नेमक्या त्याच क्षणी सॉफ्टवेअर गोठले. प्रोजेक्ट पुन्हा उघडेपर्यंत गाण्याची लय मोडली होती. असे पुढे आणखी काही वेळा झाले. प्रत्येक टेकआधी आकडा खाली, प्रत्येक मिक्सआधी वर, आणि प्रत्येक बदलाला धाकधूक. या एका त्रासाने माझा कल ठरवला.

ट्रॅक फ्रीझ केल्यावर सॉफ्टवेअर त्या ट्रॅकचा प्रक्रिया झालेला ध्वनी एका फाइलमध्ये उतरवते आणि पुढे प्लगइन चालवण्याऐवजी ती फाइल वाजवते. एका सेकंदाच्या ध्वनीवर प्रक्रिया करायला सेकंदाहून जास्त वेळ घेणारी प्लगइनची साखळी असेल तर बफर कितीही मोठा असला तरी ती निभत नाही. फ्रीझमुळे मात्र तिचा भारच उतरतो. खऱ्या वाद्यांच्या ध्वनीचे मोठे नमुने भरलेली सॉफ्टवेअर-वाद्ये रॅम अडवून बसली असतील तर बफरचा उपयोग नाही. फ्रीझ करताना ते वाद्य स्मृतीतून उतरवले तर ती जागाही मोकळी होते, फक्त काही सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

याची किंमत म्हणजे वेळ, डिस्कवरची जागा आणि थोडी शिस्त. 32 बिट फ्लोटमधल्या स्टिरिओ फाइलला 48,000 हर्ट्झवर मिनिटाला सुमारे 23 मेगाबाइट लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्यातले दहा ट्रॅक फ्रीझ केले तर एक गिगाबाइटच्या थोडे वर. एखादा स्वर बदलायचा झाला तर ट्रॅक आधी अनफ्रीझ करावा लागतो, आणि ज्यांची रचना रेकॉर्डिंग चालू असतानाही सतत बदलत असते त्यांना हे जाचक वाटू शकेल. अशांना, किंवा ज्यांच्या इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रावर) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे स्वतःचा आवाज संगणकातून न जाता थेट ऐकण्याची सोय, आहे आणि गाताना सॉफ्टवेअरमधल्या रिव्हर्बची (घुमाऱ्याची) गरज नाही त्यांना, मोठा बफरच सोयीचा पडेल हे मी मान्य करतो.

माझ्यापुरते म्हणायचे तर, एखाद्या वाद्याचे वादन पक्के झाले की तो ट्रॅक मी त्याच दिवशी फ्रीझ करतो, सगळ्यांत जड वाद्यापासून सुरुवात करतो, आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत बफर 128 वरून हलवत नाही. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) पुढचा ध्वनी आधी पाहणारा लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर रोखणारे प्लगइन, असेल तर तो टेकपुरता बंद ठेवतो, कारण त्याने होणारा उशीर बफर लहान असला तरी टळत नाही. फ्रीझ करताना रिव्हर्बच्या शेपटीसाठी शेवटी काही सेकंद जास्तीचे राखावेत, नाहीतर शेवटचा स्वर विरण्याआधीच तुटतो.