पेणच्या बाजारातली रानभाजी: पैसे वसूल

जूनचा पहिला पाऊस पडला की पेणच्या बाजारात रस्त्याच्या कडेला कातकरी आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. दुकान म्हणजे गोणपाट आणि वर छत्री. तरी माझ्याकडून पाचपैकी पाच.

मी घेतली शेवळं, म्हणजे रानातल्या सुरणासारख्या कंदाचे कोंब. जुडी ताठ, दांड्याला ओली माती. मावशींनी न मागता सोबत मूठभर काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, टाकली. 'हे नाय घातलं तर घसा धरंल,' म्हणाल्या. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, हेही एक शेवळ सोलून दाखवलं. सुपरमार्केटात कोणी एवढं सांगतं का? 'कंद उपटत नाय, पुढच्या वर्षी काय खाणार?' असंही बोलल्या. डोंगर राखायची यांची रीत ही अशी, रोजच्या पोटापाण्यातली. आपण मात्र त्यांच्याशीच पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. करू नका. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणाऱ्या वस्तू, गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क त्यांना दिलाय, पण बाजारात बसायला धड ओटा नाही.

घरी सोडे (सुकी कोळंबी) घालून शेवळांची भाजी, म्हणजे कणी, केली. घसा अजिबात खवखवला नाही, सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

कुरडू, टाकळा, भारंगीही मिळते. भारंगी कडू, पाणी काढूनच करा. सुट्टे पैसे आणि कापडी पिशवी न्या. सकाळी लवकर जा, दहानंतर शेवळं उरत नाहीत.