ब्रॅबहॅम आणि मॅक्लारेन : स्वतःची गाडी, दोन वाटा

भायखळ्याच्या गॅरेजमध्ये काळवंडलेल्या हातांनी कार्बुरेटर उघडून बसलेला मेस्त्री पाहिला की मला जॅक ब्रॅबहॅम आठवतो. तो आणि ब्रूस मॅक्लारेन हे दोघेही मोटार शर्यतींतल्या कूपर या ब्रिटिश संघाचे चालक. दोघांनीही पुढे स्वतःच्या नावाच्या गाड्या बांधल्या.

1966 साली फॉर्म्युला वनमध्ये तीन लिटर इंजिनाचा नियम आला, तेव्हा ब्रॅबहॅमने ताकदीमागे न धावता ओल्ड्समोबाइलच्या ॲल्युमिनियम ब्लॉकवर रेप्को कंपनीने तयार केलेले साधे, हलके व्ही-8 इंजिन निवडले आणि रॉन टॉरनॅकने रचलेल्या गाडीतून विश्वविजेतेपद मिळवले. स्वतःच्या नावाच्या गाडीतून हा मान मिळवणारा तो आजही एकमेव चालक आहे. त्याच वर्षी मॅक्लारेनने ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड घातलेला सांगाडा वापरला. कल्पना धाडसी होती, पण फोर्डचे जड इंजिन तिला मारक ठरले. 1968 मध्ये बेल्जियममधील स्पा येथील शर्यतीत तो स्वतःच्या गाडीतून जिंकला, तेव्हा आपण पहिले आलो हे त्याला शर्यत संपल्यावर कळले.

चालक-निर्माता म्हणून मी ब्रॅबहॅमलाच वरचढ मानतो, कारण काय सोडून द्यायचे हे त्याला नेमके उमगले होते. संस्था उभारण्यात मात्र मॅक्लारेन सरस. 1970 मध्ये इंग्लंडमधील गुडवुडला गाडीची चाचणी घेताना, अवघ्या 32व्या वर्षी तो गेला. ब्रॅबहॅमचा संघ 1992 मध्ये थांबला, मॅक्लारेनचा आजही धावतो आहे.