बाल्साचं पायपर कब: दोन पावसाळे काढल्यानंतर

मागच्या वर्षी जूनमध्ये रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं हे किट आलं तेव्हा भांडुपला धो धो पाऊस होता आणि कुरिअरवाला खोका वॉचमनच्या केबिनबाहेर ठेवून गेला होता. एक बाजू भिजून लिबलिबीत. मुंबईत बाल्सा लाकडाचं विमान बांधायचं म्हणजे काय, हे मला तिथेच कळायला हवं होतं. आता चौदा महिने झाले, दुसरा पावसाळा चालू आहे, ३१ उड्डाणं झाली आणि विमान शाबूत आहे. नाक एकदा बदललं, तेवढं सोडून. खोका उघडल्या दिवशी लिहिलेले अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात, म्हणून मी मुद्दाम थांबलो होतो.

आधी वस्तू काय ते सांगतो. पायपर जे-३ कब हे अमेरिकेत १९४७ पर्यंत बनत असलेलं दोन माणसांचं छोटं विमान, इंजिन ६५ अश्वशक्तीचं. पिवळंधमक अंग आणि बाजूने विजेसारखा काळा पट्टा. खऱ्या कबचा पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७४ मीटर, माझ्या मॉडेलचा १.४० मीटर, म्हणजे साधारण १:७.७. किटमध्ये लेझरने कापलेले बाल्सा आणि प्लायचे तुकडे, एक मोठा प्लॅन, वाकवलेल्या तारेचं लँडिंग गिअर, नाकावरचं प्लास्टिकचं झाकण म्हणजे काऊल आणि स्टिकर येतात. मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, विमानाचे हलते भाग फिरवणारे सर्वो, बॅटरी, सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवायची कव्हरिंग फिल्म यातलं काहीही येत नाही. किटचे ७,८०० रुपये दिले. चार सर्वो, मोटर, ईएससी, दोन बॅटऱ्या, चार्जर, फिल्म आणि सहा चॅनलचा रेडिओ, म्हणजे रिमोट, धरून आकडा २३ हजारांच्या पुढे गेला. घरात सांगितलेला आकडा वेगळा आहे.

हेच किट का? कारण पंख मधोमध दोन तुकड्यांत सुटतो. ७० सेंटिमीटरचे दोन तुकडे आमच्या वन बीएचकेच्या माळ्यावर मावतात आणि लोकलच्या लगेजच्या डब्यातही. बाकी सगळे निकष नंतर आले.

बांधायला साडेचार महिने लागले. वहीत तास लिहून ठेवत होतो, ते १४० च्या आसपास भरले. सुताराकडून सनमायका लावलेली एक सरळ फळी कापून आणली. रोज रात्री ती पलंगावर टाकायची, त्यावर प्लॅन, त्यावर प्लास्टिकचा कागद, मग टाचण्या लावून काम. अकरा वाजले की सगळं उचलून कपाटामागे उभं करायचं, कारण पलंगावर माणसांनाही झोपायचं असतं. लेझर कटिंग छान होतं, जळकट कडा कमी, खाचा बहुतेक नेमक्या. पण सूचनांचं फक्त एक पान, आणि डाव्या पंखाची तिसरी रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी बरगडी, दोन मिलिमीटर बुटकी निघाली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की घासून घ्या. बुटकी रिब घासून उंच कशी करायची ते मात्र सांगितलं नाही. मी वर बाल्साची पट्टी चिकटवली.

फायरवॉलबद्दलही तक्रार आहे. मोटर जिच्यावर बसते ती प्लायची चकती मऊ, आणि नुसत्या गोंदावर उभी. बांधतानाच शंका आली होती. पुढे नडलीच.

आता दमटपणाबद्दल, कारण या किटच्या कुठल्याच व्हिडिओत तो मला दिसला नाही. पापड सादळतो तसा बाल्सा सादळतो. ऑगस्टमध्ये मी सगळ्या रिब आणि उरलेले तुकडे किचनच्या काट्यावर तोलले होते, नोव्हेंबरमध्ये ते तुकडे पुन्हा तोलले, तर काट्यावर दिसेल इतका फरक. सीए ग्लू, म्हणजे फेविक्विकसारखा झटपट गोंद, हवेतल्या ओलाव्यानेच धरतो, त्यामुळे पावसाळ्यात तो तुमच्यासाठी थांबत नाही. तुकडा जागेवर बसवून डोळ्याने सरळ करेपर्यंत चिकटलेला असतो, आणि सांध्याच्या आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी पूड बसते. उघडलेली बाटली तीन आठवड्यांत दगड झाली. दुसरी सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, लोणच्याच्या मागे ठेवली. ती दिवाळीपर्यंत टिकली. फेविकॉलचं उलटं. तो वाळायचं नावच घेत नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊन नसलेली मुंबई. रात्रभर टाचण्या लावून ठेवल्याशिवाय काढू नका. मी एकदा सहा तासांत काढल्या आणि शेपटाचा आडवा भाग केळीच्या सालीसारखा वाकला.

फिल्म बसवताना घरची इस्त्री वापरली ही माझी चूक. मुलीच्या शाळेच्या युनिफॉर्मवर पिवळा ठसा उमटला, त्यानंतर ६०० रुपयांची वेगळी छोटी इस्त्री आली. ऑक्टोबरच्या उन्हाळी हवेत फिल्म ढोलकीच्या कातड्यासारखी ताणली गेली होती. डिसेंबरपर्यंत तशीच राहिली. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंख काढून पाहतो तर सगळीकडे सुरकुत्या. सुरकुत्या परवडल्या, पण उजव्या तुकड्याला पीळ पडला होता. फळीवर ठेवला तर टोकाकडची मागची कड चार मिलिमीटर वर. एवढ्या पिळाने विमान एका बाजूला कलत राहतं आणि हळू वेगात फसवतं. उपाय सोपा आहे पण दोन माणसं लागतात. एकाने पंख उलट्या बाजूला, पाहिजे त्यापेक्षा थोडा जास्तच, पिळून धरायचा, दुसऱ्याने वर-खाली दोन्हीकडून इस्त्री फिरवायची आणि फिल्म थंड होईपर्यंत कोणी हलायचं नाही. मुलीने धरला. चारचा एक मिलिमीटर झाला.

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात, विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलेले, आता निवृत्त. बांधून झाल्यावर त्यांना दाखवायला नेलं. पायलटचा बाहुला मी पुढच्या सीटवर बसवला होता, गॉगल वगैरे रंगवून. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, एकटा माणूस असेल तर जे-थ्री मागच्या सीटवरून उडवतात. याला पुढे कुठे बसवलास?" खरंच आहे, वजनाच्या तोलासाठी कब एकट्याने मागूनच उडवतात. मग छताची फिल्म कापून बाहुला मागे सरकवला. त्याने विमानाचा तोलबिंदू, म्हणजे सीजी, आणखी मागे गेला. शेपटाला मी हौसेने खऱ्यासारख्या ताणतारा आणि छोटं चाक लावलं होतंच. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण सहा सेंटिमीटरवर बोटं टेकवून उचललं की शेपूट खाली बसायचं. बॅटरी पुढे सरकवूनही नाकात ९० ग्रॅम कमी पडत होते. भाऊच्या धक्क्याजवळ मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याला ओवायचे शिशाचे मणी तोलून मिळतात. ते काऊलमध्ये इपॉक्सी गोंदाने बसवले. सगळं धरून १,३०० ग्रॅम.

उडवायचं कुठे, हा मुंबईतला खरा प्रश्न. शहरात उडवायचा विचार सोडा. मुंबई पोलीस वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात, त्यात ड्रोनबरोबर रिमोटवरच्या विमानांचाही उल्लेख असतो. ड्रोन नियमावली २०२१ मध्ये असली विमानं 'मॉडेल' म्हणून येतातच, तेव्हा जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या, भागातही उंचीची मर्यादा ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची, आणि विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांचीच. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून त्या बाजूची पूर्वी ऐकलेली मैदानंही आता जमेत धरू नका.

मी भिवपुरी आणि कर्जतच्या मधल्या भातशेतात जातो. रविवारी पहाटे भांडुपहून ठाणे, तिथून कर्जत लोकल. लांबट खोका पाहून लोक हमखास विचारतात, "की-बोर्ड का?" मी हो म्हणतो. विमान म्हटलं की डोंबिवलीपर्यंत खोका उघडून दाखवावा लागतो. परतीला मेगाब्लॉक पाहून ठेवायचा, नाहीतर दुपार कल्याणच्या फलाटावर जाते. शेत ज्यांचं आहे त्यांना आधी विचारलं. पैसे घेत नाहीत, म्हशींच्या बाजूला नेऊ नका एवढीच अट. हंगाम भात कापून झाल्यावरचा, डिसेंबर ते मे. वेळ सकाळी सात ते साडेनऊ. नंतर वारा उठतो आणि घारी येतात. एक घार तर दहा मिनिटं विमानाच्या मागे मागे गोल फिरत होती. हल्ला केला नाही, पण माझे हात घामेजले.

उडायला हे विमान कसं आहे? सुंदर, पण फसवं. लोक कबला शिकाऊ समजतात. फोमच्या ट्रेनरवर शिकलेल्या माणसाला पहिल्याच वळणावर कळतं की नुसत्या एलरॉनवर, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवर, हे वळत नाही. डावीकडे वळायला रेडिओवरची काठी डावीकडे नेली की उजवा एलरॉन खाली उतरतो, त्या बाजूला उचल वाढते तशी हवेची ओढही वाढते, आणि नाक उलट उजवीकडे जातं. विमान डावीकडे कललेलं, तोंड उजवीकडे, असं तिरकं सरपटत राहतं. सोबत डावा रडर, म्हणजे शेपटाची उभी हलती पट्टी, द्यावाच लागतो. सुरुवातीला मी रेडिओत एलरॉनबरोबर रडर आपोआप फिरेल असं मिक्स लावलं होतं. आठव्या उड्डाणानंतर काढलं, आणि एलरॉन वर १४ मिलिमीटर, खाली फक्त ८ असा फरक ठेवला. आता डाव्या अंगठ्याला सवय झाली आहे.

टेकऑफला थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, एकदम दिलात तर नाक डावीकडे ओढलं जातं. हळूहळू द्या, उजवा रडर तयार ठेवा, शेपूट उचललं की दोन सेकंदांत जमीन सुटते. एकदा वर गेलं की निम्म्या थ्रॉटलवर तरंगतं. सकाळच्या तिरक्या उन्हात पिवळी फिल्म आरपार उजळते आणि आतल्या रिब दिसतात. १४० तासांतली ती बुटकी तिसरी रिबही दिसते, निदान मला.

तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी. आठ मिनिटांचा टायमर लावतो, उतरल्यावर साधारण १,६०० एमएएच भरावे लागतात. ३१ उड्डाणं म्हणजे चार तासांच्या थोडं वर. बांधणीचे तास वर दिलेत. ज्याला हा हिशेब तोट्याचा वाटतो त्याने तयार फोमचं विमान घ्यावं.

नवव्या उड्डाणाला अपघात झाला. चूक माझी. उतरताना वेग फार कमी केला, डावा पंख पडला, एक चाक बांधाला आपटलं. पंखाला ओरखडाही नाही, पण फायरवॉल मोटरसकट उखडून तारांवर लोंबकळत होती. गोंद सुटला नव्हता, प्लायचे थरच सुटले होते. परत येताना सोबतच्या पोराने ती डब्यासारखी हातात धरली होती. नवी फायरवॉल चांगल्या बर्च प्लायची केली, कोपऱ्यांत बाल्साच्या त्रिकोणी पट्ट्या, आणि आरपार बांबूच्या टूथपिक ठोकून इपॉक्सी. त्यानंतर दोनदा नाक टेकलं, काही झालं नाही. किट घेतलंत तर पहिल्या दिवशीच हे करा. धसकटांमध्ये किटची छोटी चाकं अडकतात, तीही मोठी घ्या. वायर, कनेक्टर आणि हीट श्रिंक लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलात तर मिळून जातं.

बाकी टिकाऊपणाचं पटकन. स्टिकर पावसाळ्यात कडेने उलगडले, काळा पट्टा मी फिल्म कापून पुन्हा केला. लँडिंग गिअरच्या तारेला आणि क्लेव्हिसच्या, म्हणजे हलत्या भागांना जोडणाऱ्या चिमट्यांच्या, पिनांना गंज चढतो, शिवणयंत्राचं तेल पुसून ठेवा. चारपैकी एक सर्वो थरथरायला लागला, बदलला. एक बॅटरी फुगली, कारण तीन रविवार लागोपाठ बेत रद्द झाले आणि ती पूर्ण भरलेली पडून राहिली. आता संध्याकाळपर्यंत जाणं नक्की नसेल तर भरतच नाही, आणि परत आल्यावर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. प्रवासात बॅटऱ्या जुन्या स्टीलच्या डब्यात, झाकण सैल.

पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी माळ्यावर प्लायची एक पेटी केली, त्यात खालच्या कोपऱ्यात जाळीमागे झिरोचा बल्ब. आमच्याकडे आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, अशीच ठेवायचे. जुलै संपताना पंख काढून फळीवर ठेवला. पीळ एकच मिलिमीटर. सुरकुत्याही वाढलेल्या नाहीत.

पहिलंच विमान म्हणून घ्यावं का? नाही. सिम्युलेटरवर वीसेक तास आणि फोमच्या ट्रेनरचा एक हंगाम झाल्याशिवाय घेऊ नका. दुसरं म्हणून जरूर घ्या, फायरवॉल आणि चाकांचे पैसे बाजूला ठेवून. घरात रोज पसरता आणि आवरता येईल अशी पलंगाएवढी सपाट जागा नसेल तर मात्र किट खोक्यातच सादळेल.

पुढचं विमान किटशिवाय, स्वतः प्लॅन काढून करायचं चाललं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते डी हॅविलंड पुस मॉथ. त्याचा पंख ११.२० मीटरचा, १:८ मध्ये बरोबर १.४० होतो, म्हणजे पेटी तीच पुरेल. शिवाय मूळ पुस मॉथचे पंख ठेवताना मागे दुमडायचे. तो बिजागरीचा भाग सध्या पुठ्ठ्यात करून बघतोय.