एर्सल की आइंडहोवन? केम्पेनच्या गावात भाड्याचं घर घ्यायचं की नाही

मावसभावाला नेदरलँड्समध्ये, आइंडहोवन शहराला लागून असलेल्या फेल्डहोवनमध्ये नोकरी लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मेसेज, "दादा राहायचं कुठे? हिने कुठल्यातरी व्हिडिओत एर्सलचा चौक पाहिलाय, ते छोटंसं चॅपल, बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पिणारे लोक, आता म्हणते मला हेच गाव पाहिजे." आधी हसलो, मग आठवलं की आमच्याकडेही हेच झालं होतं. आम्ही दीड वर्ष आइंडहोवनच्या फ्लॅटमध्ये काढलं आणि मग गावात आलो, त्यामुळे दोन्हीकडचे चटके खाऊन झालेत. त्याला तुकड्या तुकड्यात पाठवलेलं सगळं इथे एकत्र लिहितोय, कारण एएसएमएलला, म्हणजे फेल्डहोवनच्या चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीत, नाहीतर तिथल्या सप्लायर कंपन्यांत येणारी पुण्याची मंडळी कमी नाहीत आणि सगळ्यांचा प्रश्न हाच असतो.

आधी गाव म्हणजे कुठलं ते सांगतो. आइंडहोवनच्या नैऋत्येपासून बेल्जियमच्या सीमेपर्यंतचा भाग म्हणजे इकडचं, डच केम्पेन. एर्सल, ब्लाडल, बेर्गाइक, रोसल-डे मिर्डन या इथल्या ग्रामीण नगरपालिका, डचमध्ये खेमेन्टे. एका खेमेन्टेत पाचसहा गावं असतात, म्हणजे पत्ता "एर्सल" खेमेन्टेचा असला तरी घर क्नेख्सलला असू शकतं. इथल्या आठ गावांना मिळून "आठ झालिखहेडन" म्हणतात, बायबलमधल्या धन्यवचनांवरून, कारण एर्सल, डाउझल, स्टेन्सल, क्नेख्सल, हुल्सल, नेटर्सल, रोसल सगळ्यांच्या शेवटी "सल" येतं, आठवं विंटलर तेवढं नावाने वेगळं. मला तर अष्टविनायकच आठवले. आम्ही घर शोधताना आठही गावांची यात्रा केली, प्रसाद एकाच ठिकाणी मिळाला.

आता भाडं. सगळ्यांना वाटतं गाव म्हणजे स्वस्त. तसं नाहीये. फेल्डहोवनपासून दहाएक किलोमीटरवर एर्सल, कंपनीची सगळी गर्दी तिकडेही पाहते, तीन बेडरूमचं घर दीड हजार युरोच्या खाली मला तरी क्वचितच दिसलं. फरक भाड्यात कमी आणि त्या पैशात काय मिळतं यात जास्त आहे. आइंडहोवनमध्ये त्या पैशात दोन बेडरूमचा फ्लॅट, बाल्कनीत दोन सायकली उभ्या केल्या की संपलं, गावात तेवढ्यात मागे बाग, पुढे गाडीची जागा, वर माळा. पण गावात भाड्याची घरं मुळातच कमी, बहुतेक लोक स्वतःच्या घरात राहतात. शहरात आठवड्याला दहा जाहिराती आल्या तर गावात एखादी, त्यामुळे शहरात तुम्ही घर निवडता, गावात घर आलं की आठवडाभरात हो-नाही सांगायचं.

आणि इथेच आम्ही फसलो. जाहिरातीत एक शब्द असतो, "काल". मराठी माणसाला वाटतं काल म्हणजे येस्टरडे, आम्हीही त्यावर विनोद केले. तीन प्रकार असतात, काल म्हणजे नागडं, खेस्टोफेर्ड म्हणजे जमिनीवर लॅमिनेट वगैरे आणि पडदे असलेलं, खेम्यूबिलेर्ड म्हणजे फर्निचरसकट. नागडं म्हणजे किती नागडं हे पुण्याच्या माणसाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. आम्ही ब्लाडलला एक घर बघायला गेलो, दार उघडलं तर खाली नुसतं काँक्रीट, त्यावर जुन्या लॅमिनेटच्या गोंदाचे पिवळे पट्टे, छतातून दिव्याच्या जागी तीन वायरी लोंबकळतायत, खिडक्यांना पडद्याचा रॉडही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय आणि एजंट म्हणतोय, अगदी नीट ठेवलेलं घर आहे. त्याच्या दृष्टीने होतंच. जाणारा भाडेकरू जमिनीवरचं लॅमिनेट आणि पडदे सोबत नेतो नाहीतर तुम्हाला विकतो, त्याला ओव्हरनामे म्हणतात. ती किंमत मान्य नसेल तर नाही म्हणा, घासाघीस चालते. फर्निचरवाली घरं गावात कमी आणि शहरात जास्त, कारण शहरात एक्सपॅट येत-जात असतात. नुकते दोन बॅगा घेऊन उतरला असाल तर हा एकच मुद्दा शहराच्या बाजूने पुरेसा आहे.

आता घर मिळायची दारं वेगवेगळी आहेत आणि गाव की शहर याच्याआधी आपल्याला कुठलं दार उघडं आहे ते बघायचं.

पहिलं दार सोशल ह्यूर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठी गृहनिर्माण संस्थांची कमी भाड्याची घरं. आइंडहोवन परिसरात ही घरं वोनीझी नावाच्या पोर्टलवर येतात. अडचण उत्पन्नाची. २०२५ ला मर्यादा एकट्या माणसाला वर्षाला ४९,६६९ युरो, कुटुंबाला ५४,८४७, आणि त्याच वर्षी तिशीपुढच्या नॉलेज मायग्रंटचा, म्हणजे आपल्यासारख्या कुशल नोकरीवर आलेल्याचा, व्हिसासाठी लागणारा किमान पगारच महिना ५,६८८ होता, म्हणजे हिशोब तिथेच संपला. इथे शिकून नोकरीला लागलेल्या तिशीच्या आतल्यांचं बसू शकतं. रांग मात्र वर्षांची. शिवाय २०२४ पासून खेमेन्टेला मोकळ्या होणाऱ्या सोशल घरांपैकी निम्म्यापर्यंत घरं स्थानिकांना किंवा शिक्षक, नर्स अशा ठराविक पेशांना आधी देता येतात, म्हणजे गावात जन्मलेल्या पोराशी तुमची स्पर्धा, आणि खरं सांगायचं तर त्यात मला काही चूक वाटत नाही. तरी बसत असाल तर पहिल्या दिवशी नाव नोंदवा, नोंदणीचा काळ मोजला जातो.

दुसरं दार मधलं, मिडनह्यूर, म्हणजे मध्यम भाड्याची घरं. १ जुलै २०२४ च्या कायद्याने नव्या करारांमध्ये घराला गुण मिळतात, क्षेत्रफळ, एनर्जी लेबल, सरकारी किंमत, बाग वगैरे धरून. १४३ गुणांपर्यंत सोशलच्या हद्दीत, १४४ ते १८६ असतील तर गुणांनुसार भाड्याला मर्यादा, २०२५ ला ती जास्तीत जास्त १,१८४.८२ युरो होती, १८७ पासून पुढे मोकळं रान. मालक खासगी असला तरी हे लागू. गावातली जुनी घरं इथे मजेशीर, कारण ई, एफ, जी अशा सगळ्यात खालच्या एनर्जी लेबलला गुण कापले जातात, त्यामुळे मोठं दिसणारं पण गळकं घर १८७ च्या खाली येऊ शकतं. ह्यूरकमिसी, म्हणजे भाड्याचे वाद सोडवणारी सरकारी समिती, तिच्या साइटवर गुण फुकट मोजता येतात. राहायला गेल्यावर सहा महिन्यांच्या आत सुरुवातीचं भाडं आव्हानही देता येतं, फक्त गावात मालक शेजारीच राहत असेल तर आधी तोंडी बोला, हे कायद्याचं नाही माझं मत.

तिसरं दार खासगी, आणि आपल्यातले बहुतेक इथूनच आत येतात. पॅरॅरियस, फुंडा या घरांच्या जाहिरातींच्या साइट आहेतच, पण गावात त्यापेक्षा स्थानिक मकेलारच्या, म्हणजे एजंटच्या, ऑफिसात जाऊन नाव-नंबर-पगार सांगून येणं जास्त चाललं. आम्हाला घर मिळालं ते ऑफिसमधल्या एका डच सहकाऱ्यामुळे, त्याच्या फुटबॉल क्लबातला माणूस दोन वर्षं परदेशी निघाला होता. अशा घरांना करारात तसं कलम असतं की मालक परत आला की घर सोडायचं. बाकी १ जुलै २०२४ पासून कायमचा करार हाच नियम, आपल्या अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटची सवय इथे विसरायची. भाडेकरूला एका महिन्याची नोटीस पुरते, पण बऱ्याच करारांत पहिले १२ महिने सोडता येणार नाही अशी अट असते, सही करताना तेवढी ओळ शोधा.

पैशाचं एक इथेच सांगतो. जुलै २०२३ पासूनच्या नव्या करारांना डिपॉझिट मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, मुंबईच्या हेवी डिपॉझिटवाल्यांना हे स्वप्नच वाटेल. आणि मालकाच्या बाजूने काम करणारा एजंट तुमच्याकडून ब्रोकरेज घेऊच शकत नाही. आम्हाला एकाने "प्रशासकीय खर्च" म्हणून साडेतीनशे मागितले होते, नियम दाखवल्यावर गप्प बसला, घरही दिलं नाही म्हणा. घर न बघता पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल असं कोणी म्हणालं तर ब्लॉक करा आणि चहा घ्या.

चौथं दार म्हणजे गावाचं खास, हॉलिडे पार्क आणि शेतावरची घरं. केम्पेन पार्कांनी भरलंय, वेस्टरहोवनचं केम्परफेनन ऐकलं असेल. लाकडी बंगला, तळं, फोटो बघून बायको भाळते. पण ती घरं रिक्रिएशनसाठी असतात, तिथे कायम राहणं नियमात बसत नाही. गंमत अशी की खरंच तिथे राहत असाल तर खेमेन्टे पत्त्याची नोंद करू शकतं आणि नंतर तेच खेमेन्टे तिथे राहता म्हणून नोटीसही काढू शकतं, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. "पत्त्याची नोंद करायची नाही" असं मालक म्हणाला तर ते घर सोडून द्या, कायम राहायला आलेल्याला नोंदीशिवाय बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, नाही आणि बीएसएनशिवाय इथे तुम्ही अस्तित्वातच नाही. शेतावरचं घर असेल तर ते कागदावर साधं निवासी आहे की शेतीच्या धंद्याला जोडलेलं, हे खेमेन्टेत विचारा. जोडलेलं असेल तर डुकरं पाळल्याशिवाय तिथे राहता येत नाही, थोडं वाढवून सांगतोय पण फार नाही.

येण्याजाण्याचं. एर्सल, ब्लाडल, बेर्गाइक, रोसल कुठेच रेल्वे स्टेशन नाही. मोठ्या गावांना बस आहे, रविवारी फेऱ्या कमी, आणि छोट्या गावांत बऱ्याच ठिकाणी ब्यूर्टबस, गावातले रिटायर्ड आजोबा स्वयंसेवक म्हणून चालवतात ती आठ प्रवाशांची व्हॅन. गोड प्रकार आहे पण संध्याकाळच्या मीटिंगनंतर तिच्या भरवशावर राहू नका. फेल्डहोवनला कामाला असाल तर एर्सल किंवा स्टेन्सलहून ई-बाइक मस्त, जानेवारीत समोरून वारा आणि आडवा पाऊस असला की मात्र आपल्याच निर्णयावर शिव्या देत पेडल मारायचं. बाकी कार लागतेच. भारतीय लायसन्स नोंदणीपासून १८५ दिवस चालतं, त्यानंतर ३० टक्के रूलिंग, म्हणजे परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांची करसवलत, असेल तर परीक्षा न देता डच लायसन्स बदलून मिळतं, जोडीदारालाही. रूलिंग नसेल तर पूर्ण परीक्षा, आणि ती महागही पडते आणि वेळखाऊही. जोडीदार घरी असेल, गाडी चालवत नसेल, तर गावातला पहिला हिवाळा त्या माणसाला जड जातो, हे मी बायकोला विचारूनच लिहितोय.

बाग. बाग मिळाली म्हणून आम्ही नाचलो, मग कळलं की इथल्या कायद्याने लहानसहान देखभाल भाडेकरूची, त्यात गवत कापणं, कुंपणाची झुडपं छाटणं, फरशीच्या फटींतलं तण काढणं सगळं आलं. शहरात तुमच्या बाल्कनीकडे कोणी बघत नाही. इथे मे महिन्यात तीन आठवडे तण काढलं नव्हतं तर शेजारच्या आजी स्वतःचा खुरपा घेऊन दारात, रागाने नाही, शिकवायला. त्याच आजींनी नंतर सायकलची हवा, कचऱ्याच्या डब्याचे वार आणि कार्निव्हलला काय घालायचं हेही शिकवलं, तेव्हा हिशोब फिटला.

वासाचं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतात पातळ शेणखत सोडायला सुरुवात होते, आणि ब्राबांटात, म्हणजे आपल्या या प्रांतात, डुकरं भरपूर. पहिल्या वर्षी उन्हं पडली म्हणून बायकोने चादरी बाहेर वाळत घातल्या, त्या दोनदा धुवाव्या लागल्या. कोकणात-देशावर वाढलेल्याला फार नाही, मुंबईच्या फ्लॅटवाल्याला दोन आठवडे जड.

हीटिंग बघा, सुटं घर म्हणजे चारही भिंतींना वारा, रांगेतल्या घरापेक्षा किंवा फ्लॅटपेक्षा बिल जास्त. एनर्जी लेबल आणि आधीच्या वर्षाचा गॅसचा वापर मागा, देतात. कचरा, सांडपाणी आणि पाण्याची व्यवस्था बघणाऱ्या वॉटरबोर्डाचा टॅक्स राहणाऱ्याच्या नावाने वेगळा येतो, भाड्यात धरू नका.

मुलं असतील तर पारडं मला तरी गावाकडे झुकतं. शाळा पायी, रस्त्यावर खेळणं, आमची मुलगी सहा महिन्यांत शाळेतून निघताना "हौडू" ओरडायला लागली, हे इथलं बाय-बाय. पण दोनतीन वर्षांतच परत जायचं असेल, इंटरनॅशनल स्कूल हवं असेल, तर ती आइंडहोवनला आहे आणि रोजची ने-आण तुमच्याच गळ्यात.

भावाला मी शेवटी असं सांगितलं, की एकटा आधी ये, फेल्डहोवन किंवा आइंडहोवनमध्ये फर्निचरवाली छोटी जागा घे, बारा महिन्यांची अट नसलेली बघ, भाडं जास्त वाटलं तरी चालेल. लायसन्सचं उरकून घे, शनिवारी सायकलवर एर्सल-स्टेन्सल फिर, दोन मकेलारना भेट, ऑफिसात चार डच लोकांना सांगून ठेव. उन्हाळ्यात सुट्टीत ती आणि मुलं आली की तिला चौकातल्या खुर्चीवर बसव, आणि फेब्रुवारीत परत एकदा घेऊन जा, वाऱ्याची दिशा बघून. त्याचा रिप्लाय आला, "दादा, तिने आत्ताच पडद्यांची मापं विचारलीयेत."