हार्ड डिस्क गेल्यावर विंडोज 11: मीडिया क्रिएशन टूल की रुफस?

हार्ड डिस्क मेली, जागी नवी एसएसडी बसवली, पुढचं काम विंडोज टाकण्याचं. त्यासाठी लागणारा इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारी दोन्ही साधनं फुकट आहेत: मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि रुफस. दोन्ही चालतात विंडोजवरच, त्यामुळे पेनड्राइव्ह बनवायला एक धड चालणारा पीसी कुणाकडून तरी मागून आणावा लागतो. मशीन आठव्या पिढीचं इंटेल किंवा त्यापुढचं असेल तर पहिलं पुरे. विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या मशीनला रुफसचा मार्ग सोपा.

मीडिया क्रिएशन टूलला किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. विचारतं फार थोडं, बाकी डाउनलोडसकट सगळं स्वतः करतं. पेनड्राइव्ह फॅट32 या फॉरमॅटमध्ये बनतो, जो कुठलंही यूईएफआय (नव्या पीसीचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) वाचतं. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून हे टूल विंडोजची मुख्य फाइल जास्त दाबलेल्या ईएसडी रूपात आणतं. आयएसओमधली (विंडोजच्या पूर्ण डिस्कची एकच फाइल) मुख्य फाइल मात्र 4 जीबीच्या वर जाते. ती उघडून नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करायला जाणारे तिथेच अडकतात.

खरी अडचण मात्र पुढे, 'विंडोज कुठे टाकू' या पडद्यावर येते. अकराव्या पिढीच्या इंटेलपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसतो. मग डिस्कची यादी कोरी दिसते आणि लोक नवी एसएसडी खराब समजून परत करायला निघतात. यावर उपाय दोन. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा. डिस्क कोरीच असल्याने काही बिघडायचा प्रश्न नाही. काही बायोसमध्ये तो पर्यायच सापडत नाही. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी, म्हणजे व्हीएमडीचा ड्रायव्हर घ्यायचा, पॅकेज उघडून आयएनएफ फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर'मधून तो दाखवायचा. अधिकृत टूलने एवढी सोय स्वतःहून करायला हवी होती, याचे गुण कापलेच पाहिजेत.

डेटा काढता येईल म्हणून जुनी आजारी डिस्क आत तशीच ठेवून इन्स्टॉल करू नका. एक तर तिच्यावरचे खराब सेक्टर वाचता वाचता सेटअप रखडतं. दुसरं म्हणजे जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल ठेवायचा छोटा भाग) शिल्लक असेल तर बूटच्या फाइल तिकडे जाऊ शकतात. मग ती डिस्क काढली की नवीन विंडोज उठतच नाही. डेटाचं काम नंतर, यूएसबी केसमध्ये घालून. आणि मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू नका, आधी कॉपी काढा.

डिस्क दिसते पण पुढे जाता येत नाही, एमबीआरची, म्हणजे डिस्कच्या जुन्या विभागणी पद्धतीची तक्रार येते? एसएसडी आधी वापरलेली असेल तर असं होतं. शिफ्ट आणि एफ10 दाबा, उघडलेल्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट ही आज्ञा द्या, 'लिस्ट डिस्क'मध्ये आकार बघून आपली डिस्क निवडा, मग 'क्लीन' (डिस्क पुसणे) आणि 'कन्व्हर्ट जीपीटी' (नवी विभागणी पद्धत). पेनड्राइव्हलाही तिथे नंबर असतो. चुकीचा नंबर टाकलात तर 'क्लीन' विचारत बसत नाही.

मशीनवर आधी विंडोज 10 किंवा 11 अ‍ॅक्टिव्ह असेल तर प्रॉडक्ट कीची चिंता सोडा. विंडोज 8 पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपची की बायोसमध्येच असते आणि डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. फक्त आवृत्ती तीच ठेवा. होमचं लायसन्स प्रोला चालत नाही.

पहिल्या सुरुवातीला वायफाय दिसलं नाही तर कार्डाचा ड्रायव्हर नाही असं समजा. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की सहसा काम भागतं.

आता रुफस. छोटीशी फाइल, इन्स्टॉल करायची गरज नाही. 'स्टार्ट' दाबल्यावर खुणा करायची एक खिडकी येते, सगळं मोल तिच्यात आहे: टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या फाइलनेच बूट होऊ देणारी सोय) यांची अट वगळणे, लोकल खातं बनवणे, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) आपोआप चालू न होऊ देणे. शेवटची खूण महत्त्वाची. 24एच2 (विंडोज 11 ची 2024 ची आवृत्ती) पासून कोऱ्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात की बऱ्याच लॅपटॉपवर, होममध्येसुद्धा, एन्क्रिप्शन गुपचूप सुरू होतं. 48 अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. खात्याचा पासवर्ड विसरलात आणि उद्या मदरबोर्ड गेला, तर डिस्क ठणठणीत असूनही डेटा हाती लागायचा नाही.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर रुफसने अटी वगळायची ही पळवाट मोहात पाडणारच. चालतं ठीक, पण वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही. दरवेळी हाताने करावं लागतं. कोअर 2 ड्युओवर मात्र वेळ घालवू नका. त्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही (24एच2 ला लागणारी) सूचना नाही, म्हणून 24एच2 तिथे बूटच होत नाही, रुफसने कितीही अटी वगळल्या तरी.